वेळापत्रक दरवर्षी शेवटच्या चार तासिकांवर का अडतं? सहावी ते आठवीसाठी समस्या निवारण

जून उजाडला की बहुतेक शाळांत हेच चित्र दिसतं. सहावी ते आठवीचं वेळापत्रक जवळजवळ भरून होतं आणि हातात तीन-चार तासिका उरतात: ७ ब चं गणित, ८ अ चं इंग्रजी, अशा. वर्गाला जागा आहे तिथे शिक्षक दुसऱ्या वर्गावर, आणि शिक्षक मोकळे आहेत तिथे वर्ग भरलेला. मग "तेवढं चालवून घेऊ" म्हणत गणित चित्रकलेच्या जागी जातं, चित्रकला शनिवारी ढकलली जाते, शनिवारी त्या वेळेला शिक्षकच नसतात. जुलै निम्मा होईपर्यंत भिंतीवरच्या तक्त्यावर पेनाच्या इतक्या दुरुस्त्या होतात की मुलं तक्ता बघणंच सोडून देतात आणि रोज सगळी पुस्तकं दप्तरात कोंबून आणतात. वेळापत्रक बिघडल्याचं ओझं शेवटी अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर येतं, म्हणून हा विषय नुसता कार्यालयीन कामाचा नाही.

शेवटच्या चार तासिकांत दोष शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. बहुतेक वेळा त्या चार तासिका पहिली चौकट भरण्याआधीच अडकलेल्या असतात, आपल्याला फक्त शेवटी कळतं. म्हणून खोडाखोड थांबवा आणि कोरा कागद घ्या.

आधी बेरीज करा, मग चौकटी भरा

हिशेबासाठी एक उदाहरण धरू. सोमवार ते शुक्रवार रोज ८ आणि शनिवारी ५, म्हणजे आठवड्याला ४५ तासिका. विभागणी अशी समजा: मराठी ६, हिंदी ५, इंग्रजी ७, गणित ७, विज्ञान ७, इतिहास-नागरिकशास्त्र ३, भूगोल ३, कला २, कार्यानुभव २, शारीरिक शिक्षण ३. तुमच्याकडे परिपत्रकाप्रमाणे जो भारांश असेल तो घ्या, हिशेबाची रीत तीच राहते.

प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या असतील तर सहा तुकड्यांचं गणित ४२ तासिकांचं आणि विज्ञानही ४२ तासिकांचं. एकाच शिक्षकाकडे सहाही तुकड्यांचं गणित दिलं तर ४५ पैकी ४२ जागा भरल्या, मोकळ्या उरल्या तीन. कागदावर हे बसतं, पण त्या शिक्षकाच्या बाबतीत दुसरी एकही अट पाळता येत नाही. दोन शिक्षकांनी प्रत्येकी तीन तुकड्यांचं गणित आणि विज्ञान घेतलं तरी प्रत्येकी ४२ च होतात. तिघे मिळाले तर मात्र ८४ चे प्रत्येकी २८ होतात: एकाकडे चार तुकड्यांचं गणित, दुसऱ्याकडे चार तुकड्यांचं विज्ञान, तिसऱ्याकडे उरलेल्या दोन तुकड्यांचे दोन्ही विषय. माझं स्पष्ट मत आहे की ४५ तासिकांच्या आठवड्यात कुणाचाही भार ३६ च्या वर गेला की वेळापत्रक करणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. अशा वेळी चौकटींशी झटापट करण्यापेक्षा मुख्याध्यापकांशी बसून विषयवाटप बदलून घ्यावं.

आता खरी मेख बघा. चार तुकड्यांचं गणित घेणाऱ्या मॅडमचा भार २८, म्हणजे ४५ मध्ये तो सहज मावतो. त्यावर कुणीतरी सुचवतं की गणित मधल्या सुट्टीच्या आधीच ठेवा, तेव्हा मुलं ताजी असतात. सुट्टीआधी रोज चार तासिका धरल्या तर सहा दिवसांच्या २४ होतात. मॅडमच्या तासिका २८. चार तासिका उरणारच! कितीही हुशारीने भरा, त्या चार मावत नाहीत. जूनमध्ये शेवटी हातात राहिलेल्या त्याच या चार, आणि त्यांचा पत्ता पहिल्या पाच मिनिटांच्या वजाबाकीतच लागला असता.

म्हणून प्रत्येक अटीपुढे दोन आकडे लिहायची सवय लावा: त्या अटीत जागा किती आणि लागणाऱ्या तासिका किती. कलेचे अंशकालीन निदेशक मंगळवारी आणि शुक्रवारीच येणार असतील तर जागा १६ आणि सहा तुकड्यांना लागतात १२, म्हणजे जमलं. त्यांच्याकडेच कार्यानुभव दिलं तर लागतात २४, म्हणजे अशक्य. मैदान एकच आहे, शारीरिक शिक्षणाला लागतात १८, पण दुपारच्या उन्हात तास नको असतील तर जागा मोजून बघा. प्रयोगशाळा, संगणक कक्ष, मैदान यांनाही एकेका शिक्षकासारखंच वागवायचं. त्यांचाही स्वतंत्र तक्ता हवा, कारण एका वेळी दोन वर्ग तिथेही जाऊ शकत नाहीत.

तीन वर्ग, तीन शिक्षक

सहावी, सातवी, आठवीची एकेक तुकडी आणि भाषा, गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र यांना एकेक शिक्षक, अशा शाळा पुष्कळ आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वर्गाला किमान एक शिक्षक आणि या तीन विषयगटांना किमान एकेक शिक्षक असावा असं सांगितलं आहे. पण इथला हिशेब फार कडक आहे. तीन वर्गांच्या तासिका १३५ आणि शिक्षक तीन, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण ४५. आठवडाभर कुणालाही एकही तासिका मोकळी नाही.

त्यातही गटांचे भार सारखे नसतात. तिन्ही भाषांच्या मिळून ५४ तासिका होतात, म्हणजे भाषेच्या शिक्षकाकडे सगळ्या भाषा देताच येत नाहीत. गणित-विज्ञानाच्या ४२. सामाजिक शास्त्रांच्या अवघ्या १८. एक वाटप असं बसतं: भाषेच्या शिक्षकाकडे मराठी, इंग्रजी आणि कला (१८, २१ आणि ६), सामाजिक शास्त्राच्या शिक्षकाकडे त्यांचा विषय, हिंदी, कार्यानुभव आणि दोन वर्गांचं शारीरिक शिक्षण (१८, १५, ६ आणि ६), गणित-विज्ञानाच्या शिक्षकाकडे त्यांचे दोन विषय आणि उरलेल्या एका वर्गाचं शारीरिक शिक्षण (४२ आणि ३). तिघांचे ४५ झाले.

पण अशा शाळेत मी शारीरिक शिक्षण तिन्ही वर्गांना एकत्रच ठेवेन. नऊ तासिकांच्या जागी तीनच लागतात आणि त्या प्रत्येक वेळी दोन शिक्षक मोकळे होतात. म्हणजे आठवड्याला सहा तासिका वह्या तपासायला, प्रयोगाची तयारी करायला, एखाद्या मुलाला जवळ बसवून वाचून घ्यायला मिळतात. मैदानावर मोठी आणि लहान मुलं एकत्र आली तर खेळ निवडताना काळजी घ्यावी लागते, हे खरं. तरीही हा सौदा फायद्याचा आहे.

अडथळा अटींचा असतो

हंगेरीचे गणिती डेनेश क्योनिग यांनी १९१६ मध्ये एक प्रमेय सिद्ध केलं. आपल्या भाषेत त्याचा अर्थ असा होतो: कोणत्याही वर्गाच्या तासिका ४५ पेक्षा जास्त नसतील, कोणत्याही शिक्षकाच्या ४५ पेक्षा जास्त नसतील आणि दुसरी कसलीच अट नसेल, तर ४५ जागांत एकही टक्कर न होता, म्हणजे एकच शिक्षक एका वेळी दोन वर्गांवर न येता, वेळापत्रक बसतंच. नशिबावर काही नाही. उलट शिक्षक अमुक वेळीच उपलब्ध असतील अशा अटी आल्या की प्रश्न किती अवघड होतो, हे शिमॉन इव्हन, अलोन इटाई आणि आदी शामीर यांनी १९७६ मध्ये दाखवलं. कुठल्याही शाळेला खात्रीने आणि झटपट उत्तर देईल अशी सरसकट पद्धत संगणकालाही सापडलेली नाही.

वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकाला यातून मोठा दिलासा मिळावा. तुमची हुशारी कमी पडत नाही. अडतं ते अटींमुळे, म्हणून अटी लिहून काढा आणि त्यांचे दोन ढीग करा. मोडताच येत नाहीत अशा अटी थोड्या असतात: बाहेरून येणाऱ्यांचे दिवस, नववी-दहावीवरही जाणाऱ्या शिक्षकांच्या आधीच ठरलेल्या तासिका, एकच प्रयोगशाळा. बाकीच्या बहुतेक अटी म्हणजे इच्छा असतात. इच्छांचा मान ठेवायचा, पण अडलं की कोणती इच्छा आधी सोडायची हा क्रम सगळ्यांसमोर ठरलेला असावा. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याची सोय होते आणि नवीन आलेल्या शिक्षकांच्या वाट्याला रोज शेवटचा तास येतो.

भरण्याचा क्रमही यातूनच ठरतो. सहावी पूर्ण भरली, मग सातवी, मग आठवी, ही पद्धत सोडा. तिच्यात सहावीचं वेळापत्रक छान होतं आणि आठवीला खरकटं उरतं. ज्याची जागा सगळ्यांत कमी त्याला आधी बसवायचं: बाहेरून येणारे, मग विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाच्या जोडतासिका, मग मैदान आणि संगणक कक्ष, मग सर्वांत जास्त भार असलेले शिक्षक. कमी भाराचे विषय सगळ्यांत शेवटी, कारण ते कुठेही मावतात.

तरीही एक तासिका अडकली तर

बेरीज बरोबर आहे, क्रम बरोबर आहे, तरी एखादी तासिका अडकतेच. इथे लोक अंदाजाने अदलाबदल करत बसतात आणि एक टक्कर सोडवताना दोन नव्या तयार होतात. त्यापेक्षा पुढची रीत वापरा. हिच्यात फक्त दोनच जागा हलवायच्या असतात.

समजा ७ ब ची गणिताची एक तासिका उरली आहे. ७ ब मंगळवारी सहाव्या तासाला रिकामा आहे, पण गणिताच्या मॅडम तेव्हा ६ अ वर आहेत. मॅडम गुरुवारी चौथ्या तासाला मोकळ्या आहेत. म्हणजे आपल्या दोन जागा ठरल्या: मंगळवार ६ आणि गुरुवार ४. आठवड्यातल्या बाकी कुठल्याही चौकटीला हात लावायचा नाही.

मॅडमचा ६ अ चा तास मंगळवार ६ वरून गुरुवार ४ ला न्या. गुरुवार ४ ला ६ अ वर हिंदीचे सर होते, त्यांचा तो तास मंगळवार ६ ला आणा. पण सर मंगळवार ६ ला ८ अ वर होते, तर ८ अ ची ती हिंदी गुरुवार ४ ला न्या. ८ अ ला गुरुवार ४ ला इतिहासाच्या बाई होत्या, त्यांचा तास मंगळवार ६ ला आणा. बाई मंगळवार ६ ला मोकळ्याच होत्या. साखळी संपली. आता मॅडम मंगळवार ६ ला मोकळ्या झाल्या, ७ ब रिकामा आहेच, गणित बसलं. एकाही वर्गाची तासिका कमी झाली नाही, एकाही शिक्षकाचा भार बदलला नाही.

ही साखळी कधी लांब जाते, कधी दोन पावलांत संपते, पण संपते नक्की, आणि फिरून ७ ब वर येऊन आदळत नाही. कारण साखळी वर्गापर्यंत पोहोचते ती नेहमी मंगळवार ६ च्या तासाने, आणि ७ ब ला मंगळवार ६ ला तासच नाही. मध्ये एखादी जोडतासिका, एकत्रित तास किंवा बाहेरच्या शिक्षकांची चौकट आली तर मात्र साखळी तुटते. अशा वेळी मॅडमची दुसरी मोकळी जागा घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

ही रीत तक्त्यावर पेन्सिलने करू नका, चिठ्ठ्या करा. प्रत्येक शिक्षकाला एक रंग, प्रत्येक तासिकेची एक छोटी चिठ्ठी, आणि मोठ्या पुठ्ठ्यावर प्रत्येक जागेला एक अशा ४५ आडव्या ओळी, प्रत्येक तुकडीला एक उभा रकाना. एका ओळीत एक रंग दोनदा दिसला की टक्कर. लांबून बघितलं तरी कळतं, आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना एकदम दिसतं.

वेळापत्रक बसलं, पण चालत नाही

टक्कर नसलेलं वेळापत्रकसुद्धा एखाद्या वर्गावर अन्याय करतं, आणि तो सहामाही परीक्षेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. पहिली तासिका बघा. परिपाठ लांबला की पाच-दहा मिनिटं तिच्यातून जातात. मधल्या सुट्टीनंतरच्या तासिकेचंही तसंच: पोषण आहाराची ताटं धुऊन, हात पुसून, पाणी पिऊन मुलं जागेवर बसेपर्यंत वेळ जातो. ८ ब चं गणित आठवड्यातून पाचदा याच दोन जागांवर पडलं आणि दर वेळी दहा मिनिटं गेली, तर आठवड्याला ५० मिनिटं, म्हणजे एका तासिकेहून जास्त वेळ बुडाला. कागदावर सात तासिका दिसतात, मुलांना मिळतात साडेपाच-पावणेसहा. म्हणून या दोन जागांवर एकाच वर्गाचा एकच विषय दोनपेक्षा जास्त वेळा येऊ देऊ नये.

शनिवारचंही असंच. कार्यक्रम, पालकसभा, अचानक लवकर सोडलेली शाळा, यांचा फटका शनिवारला जास्त बसतो. कलेच्या दोन तासिका आणि दोन्ही शनिवारी, असं असेल तर तो विषय त्या वर्गाला नावापुरताच मिळतो. आठवड्याला दोन-तीनच तासिका असलेल्या विषयाची फार तर एक तासिका शनिवारी असावी. भूगोलाच्या तीन तासिका सोमवार, मंगळवार, बुधवार अशा लागोपाठ ठेवल्या तर पुढे चार दिवस मुलं नकाशाकडे बघत नाहीत. एकेक दिवस सोडून ठेवा.

तासिकेच्या लांबीचाही हिशेब एकदा करून बघावा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १,००० घड्याळी तास अध्यापन सांगितलं आहे. आठवड्याला ६ दिवस धरले तर २२० दिवस म्हणजे साधारण साडेछत्तीस आठवडे. ४५ तासिका ३५ मिनिटांच्या असतील तर आठवड्याला सव्वासव्वीस तास भरतात, आणि वर्षाला ९६० च्या आसपास. म्हणजे किमान दिवसांतच शाळा चालली तर १,००० ला कमी पडतं. ४० मिनिटांच्या केल्या तर आठवड्याला ३० तास होतात आणि वर्षाचा आकडा १,००० च्या बराच पुढे जातो. "एक तासिका वाढवू आणि सगळ्या पाच मिनिटांनी कापू" हा ठराव पास करण्याआधी हा गुणाकार समोर ठेवा. ३० मिनिटांच्या तासिकेत विज्ञानाचा प्रयोग मांडून, करून, आवरून होत नाही, हे तर कुठलाही विज्ञान शिक्षक सांगेल.

रजा आणि बदली तास

प्रशिक्षण, आजारपण, निवडणुकीचं काम. कुणी ना कुणी गैरहजर असणार, हे धरूनच वेळापत्रक करायचं असतं. ४५ पैकी प्रत्येक जागेवर कोण कोण मोकळं आहे याची एक यादी करा. एखाद्या जागेवर कुणीच मोकळं नसेल तर त्या जागेवरच्या गैरहजेरीला उत्तर नाही. पहिल्या तासिकेला असं होऊ देऊ नका, कारण रजेचा निरोप त्याच वेळी येतो. वरच्या साखळीच्या रीतीने एखादी मोकळी तासिका तिथे सरकवता येते.

बदली तासाला जाणाऱ्याने शक्यतो त्याच वर्गाला शिकवणारं असावं. भूगोलाचे सर आले नाहीत आणि बदलीवर त्या वर्गाच्या मराठीच्या बाई आल्या, तर तो तास मराठीचा होतो. अनोळखी शिक्षक आले तर बहुधा "शांत बसा, वाचा" एवढंच होतं. आणि एकाच भल्या माणसाला दर वेळी बदलीवर पाठवू नका. नोंदवही ठेवा, म्हणजे ते दिसतं.

संगणकावर करायचं असेल तर

साध्या एक्सेलमध्येही काम होतं. ओळींमध्ये ४५ जागा, रकान्यांत तुकड्या, चौकटीत शिक्षकाचा ठरलेला छोटा संकेत. एकाच ओळीत तोच संकेत दुसऱ्यांदा आला की रंग बदलेल असा कंडिशनल फॉरमॅटिंगचा नियम काउंटइफच्या सूत्राने लावा. तयार मिळणारा डुप्लिकेटचा नियम अख्ख्या तक्त्याला लावू नका, तो सगळ्याच चौकटी रंगवतो, कारण शिक्षक आठवडाभर पुन्हा पुन्हा येणारच. संकेत हाताने टाइप करू देऊ नका, ड्रॉपडाउन द्या. संकेतामागे एखादी मोकळी जागा जास्तीची पडली तर संगणकाला ते दोन वेगळे शिक्षक वाटतात आणि टक्कर लपून राहते.

तुकड्या आठ-दहाच्या पुढे गेल्या तर एफईटी नावाचं मुक्त सॉफ्टवेअर बघण्यासारखं आहे. ते मोफत आहे. शिक्षकांचे मोकळे दिवस, खोल्या, दोन तासिकांमधलं अंतर अशा अटी त्यात भरता येतात आणि बऱ्याच अटींना टक्केवारीने वजन देता येतं. सुरुवातीला सगळ्या अटींना शंभर टक्के देण्याचा मोह होतो. तसं केलं की तेही अडकतं. आधी मोडता न येणाऱ्या अटीच भरा, वेळापत्रक तयार होतंय हे बघा, मग इच्छा एकेक करून घाला. ज्या अटीनंतर ते थांबतं तीच तुमच्या शाळेची खरी अडचण.

वर्षाच्या मध्यावर कुणाची बदली झाली किंवा नवीन शिक्षक आले, तर लगेच सगळं वेळापत्रक नव्याने मांडू नका. नवीन आलेल्या शिक्षकांना आधी गेलेल्या शिक्षकांच्याच चौकटी जशाच्या तशा द्या. दोन आठवडे वर्ग चालू द्या. मग जिथे खरोखर अडतं तेवढ्याच दोन जागा घ्या, साखळीने सोडवा, बदललेल्या तासिका वर्गशिक्षकांकडून मुलांच्या वहीत लिहवून घ्या आणि भिंतीवरचा तक्ता खाडाखोड न करता नवा लावा.